मोड आणि मोळा

आमच्या बिद्रीच्या स्वयंपाकघरात भिंतीत ठोकलेला एक जुना मोळा आहे. पुण्यामुंबईकडचे लोक ज्याला खिळा म्हणतात तो. आठवड्यातून दोनदा या मोळ्याला मटकीचं गाठोडं लटकतं. रात्री भिजत घातलेली मटकी सकाळी रोवळीत उपसायची, जुन्या धोतराच्या धुवट फडक्यात गच्च बांधायची, गाठ मोळ्याला अडकवायची आणि ठिबकणाऱ्या पाण्यासाठी खाली एक वाटी ठेवायची. उन्हाळा असला तर रात्रीपर्यंतच फडक्याच्या विणीतून पांढरी टोकं डोकावतात. थंडीत मात्र दीड-दोन दिवस जातात. मग आई ते गाठोडं मोळ्यावरून काढून चुलीच्या उबेला ठेवते. फडकं सोडताना विणीत अडकलेल्या शेपट्या पटापट तुटतात आणि कच्च्या शेंगेसारखा हिरवट वास येतो.

त्या मोळ्याचा आणि त्याला लटकणाऱ्या मोडांचा काही नात्यागोत्याचा संबंध असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. तो उलगडा निपाणीच्या बाजारात झाला.

निपाणी आम्हाला परकी नाही. मुदाळ तिट्ट्यावर वळायचं, मुरगूडवरून सरळ जायचं, की कर्नाटक. बाजारात एक आजी पाटीवर ओलं फडकं पांघरून बसली होती. फडक्याखाली मटकी, मूग आणि हुलगे, सगळ्यांना बोटाच्या पेराएवढे मोड. ती शेजारणीशी कन्नडमध्ये बोलत होती आणि तिच्या बोलण्यात ‘मोळके, मोळके’ असा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. माझ्याकडे वळली तेव्हा चक्क मराठीत म्हणाली, “मोड बघा की कसलं आल्यात.” बरोबर असलेल्या कन्नड मास्तरांना मी विचारलं, मोळके म्हणजे मोडच का? ते म्हणाले, “मोळके म्हणा, मोळे म्हणा, एकच. आणि मोळे म्हणजे तुमचा मोळापण. भिंतीतला.”

मी पिशवी धरून तिथंच उभा राहिलो. कन्नडमध्ये बी फोडून वर येणारं टोक आणि लाकूड फोडून आत जाणारं टोक, दोघांनाही एकच शब्द. त्यातला खिळा आमच्या कोल्हापुरी बोलीत ‘मोळा’ होऊन आला, हे तर उघडच होतं. मग मोडही त्याच वाटेनं आला असेल का? त्या दिवसापासून ज्याला त्याला मी हाच प्रश्न विचारत सुटलो आहे. घरचे कंटाळले आहेत.

बी भिजवून त्याला कोंब आणायची युक्ती कुणी आधी काढली, हा वाद घालण्यात अर्थ नाही. ओलं धान्य विसरलं की ते आपोआप उगवतं, त्यामुळे ती जगभर अनेकदा सापडलेली असणार. बार्लीचे मोड सुकवून मद्य करणाऱ्यांची परंपरा मेसोपोटेमियापासूनची आहे. चीनमध्ये सोयाबीनचे वाळवलेले मोड प्राचीन औषधीग्रंथात आहेत. आपल्याकडे सौत्रामणी यागातल्या सुरेसाठी अंकुरलेलं भात आणि अंकुरलेले जव लागत. त्यांना अनुक्रमे शष्प आणि तोक्म म्हणत. एवढं सांगून मी शब्दाकडे वळतो, कारण खरी गंमत तिथं आहे.

संस्कृतात अंकुरासाठी शब्दांची वाण नाही. अंकुर आहे, प्ररोह आहे, अंकुरलेल्या धान्याला विरूढ आहे, वर सांगितलेला तोक्म आहे. यातला एकही ‘मोड’पर्यंत पोचत नाही. म्हणून मोडाच्या बापपणावर तीन दावेदार उभे राहतात.

पहिला दावा सगळ्यांना सुचतो : मोडणे या क्रियापदावरून मोड. टरफल मोडून बाहेर येतं म्हणून मोड. ऐकायला सोपं आहे, आणि सोप्या व्युत्पत्तीवर माझा विश्वास नसतो. व्याकरणच विचारू. सोनाराकडे जुने दागिने नेले की ती ‘मोड’ झाली. शंभराची नोट दिली की दुकानदार ‘मोड नाही’ म्हणतो. ही मोड स्त्रीलिंगी. ती मोडण्यातून जन्मली यात शंका नाही. मटकीचा मोड मात्र पुल्लिंगी : मोड आला, मोड आले, लांब मोड. एकाच क्रियापदाच्या पोटी दोन नामं, एक बाई आणि एक बाप्या, असं होतं का? होतं, पण क्वचित. त्यातून अर्थाचीही अडचण आहे. मोडणे हे मराठीत नुकसानीचं क्रियापद आहे. हाड मोडतं, लग्न मोडतं, संसार मोडतो, खोड मोडते. उगवण्याच्या गोष्टीला आपला शेतकरी हे क्रियापद लावेल, हे मला पटत नाही. तो ‘फुटणे’ लावतो. पालवी फुटते, कोंब फुटतो, पाझरसुद्धा फुटतो. क्रियापदावरूनच शब्द यायचा असता तर तो फूट असा आला असता.

दुसरा दावा पंडिती आहे आणि म्हणून जास्त धोकादायक. संस्कृत मुकुट, प्राकृतात मउड, त्यापासून मोड. बियाच्या माथ्यावरचा तुरा म्हणजे त्याचा मुकुटच. ध्वनीच्या दृष्टीनं या वाटेत एकही खड्डा नाही. उकार आणि अकार मिळून ओ होणं मराठीत रोजचं आहे, आणि ड जिथल्या तिथं. राजस्थानात आणि गुजरातेत नवरदेवाच्या शिरोभूषणाला मोड म्हणतात, ते याच वाटेनं. मग मराठीत का नाही? माझा आक्षेप असा, की मराठीत मुकुट या अर्थाचा मोड कुठं नांदताना दिसत नाही. आपल्या लग्नात बाशिंग बांधतात, मुंडावळ्या बांधतात. आणि बाशिंग म्हणजे कन्नडमधला बासिग. डोक्यावरच्या मुकुटासाठीच आपण कन्नडकडे हात पसरला, तर मटकीच्या मुकुटासाठी प्राकृत मउड जपून ठेवला असेल? शिवाय बी फुटताना आधी मूळ बाहेर येतं, तेही खाली वळतं. मटकीच्या मोडाची पांढरी शेपटी म्हणजे मूळ. ज्यानं रोज फडकं सोडलं आहे त्याला तो मुकुट वाटणार नाही. शेपूट वाटेल, नाही तर टोकदार खिळा.

इथं माझा लाडका दावेदार पुढं येतो. द्राविड भाषांत या शब्दाचं घराणं मोठं आणि जुनं आहे. तमिळमध्ये मुळै, कन्नडमध्ये मोळे आणि मोळके, तेलुगूत मोलक. बरो आणि एमेनो यांनी 1961 साली छापलेल्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात ही भावंडं एकाच नोंदीखाली बसली आहेत. म्हणजे शब्द तिकडचा अस्सल, कुणाकडून उसना घेतलेला नव्हे. आणि कोल्हापूरचा मुलूख कन्नडच्या दाराशी नव्हे, कधीकाळी घरातच होता. अकराव्या-बाराव्या शतकात इथं राज्य करणाऱ्या शिलाहारांचे शिलालेख पुष्कळसे कन्नडमध्ये आहेत. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीच्या सिंघण यादवानं भोज शिलाहाराचं राज्य घेतलं, त्यानंतर दप्तरी भाषा हळूहळू पालटली. बायकांच्या तोंडची स्वयंपाकघराची भाषा इतक्या लवकर पालटत नसते. आमच्या गावाच्या नावातही मला कन्नड बिदिरु, म्हणजे बांबू, ऐकू येतो. बीदरच्या बिदरी कामाशी त्याचा संबंध जोडणारे भेटतात, पण आमच्याकडे त्या धातुकामाचा मागमूस नाही आणि पश्चिमेच्या डोंगरांत बांबू मात्र भरपूर आहे.

कुणी म्हणेल, मोड हा शब्द धुळ्यात आणि अमरावतीतही चालतो, तिथं कुठला आलाय कन्नड? तर तूपही धुळ्यात चालतं. तूप हा कन्नड तुप्प. अडकित्ताही कानडीच, आणि तो नागपुरात सुपारी फोडतोच. शब्द एकदा स्वयंपाकघरात शिरला, की तो माहेरवाशिणींबरोबर कुठंही जातो. शं. बा. जोशींनी ‘मर्‍हाटी संस्कृती’त आणि विश्वनाथ खैरे यांनी ‘द्रविड महाराष्ट्र’त मराठीच्या दक्षिणी मुळांविषयी जे रान उठवलं, त्यातलं सगळं मी मान्य करत नाही, खैरे कधी कधी फारच लांब उडी मारतात. पण चूल, जातं आणि शेत इथले शब्द तपासताना दक्षिणेकडं आधी बघावं, एवढं मी त्यांच्याकडून घेतलं आहे.

माझ्या पोतडीत आणखी एक पुरावा आहे. जेवणाच्या ताटावर वाचत असाल तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा. मराठीत मूळव्याधीच्या गाठीलाही मोड म्हणतात. “मोड आल्यात” असं आमच्याकडे माणूस कुजबुजला, तर तो उसळीविषयी बोलत नसतो. निपाणीच्या मास्तरांना मी हे दबक्या आवाजात विचारलं. ते हसले आणि म्हणाले, “आमच्यातपण मोळेच.” बियाचा अंकुर आणि देहाच्या त्या जागी उगवलेला अंकुर, ही जोडी दोन्ही भाषांनी एकाच शब्दात बांधली आहे. शास्त्रीबोवा म्हणतील, अर्शाला संस्कृत वैद्यकातही मांसांकुर म्हणतात, ही उपमा कुणालाही सुचेल. बरोबर आहे. पण मोडणे किंवा मुकुट यांतून ही उपमा निघत नाही. मूळव्याधीचा मुकुट म्हणजे जरा अतीच होईल.

आता माझ्याच दाव्यातलं भोक. कन्नड ळ मराठीत आला तर ळच राहायला हवा. मोळेचा मोळा झाला तसा मोळकेचा मोळ व्हायला हवा होता, मोड कसा झाला? ड आणि ळ मराठीत शेजारी राहतात हे खरं : गुडाचा गूळ झाला, दाडिमाचं डाळिंब, षोडशचे सोळा, तडागाचं तळं, पीडनातून पिळणं. पण हे सगळे प्रवासी एकाच दिशेला निघालेत, ड कडून ळ कडे. उलट वाटेनं येणारा मला भेटलेला नाही. तेलुगूच्या आधारानं एक पळवाट दिसली होती. तमिळ कोळि, म्हणजे कोंबडी, तेलुगूत कोडि होते, तमिळ एळु, म्हणजे सात, तेलुगूत एडु होतात. वाटलं, सापडला चोर. पण तमिळच्या या शब्दांतला तो दुसरा, जीभ मागं वळवून काढायचा घोगरा ध्वनी आहे. मुळैमधला ळ साधा, आणि म्हणूनच तेलुगूत मोडक न होता मोलक राहिला. पळवाट बंद.

मग माझं म्हणणं असं : हा शब्द दोनदा आला. एकच शब्द दोन वेळा दोन वेशांत येणं मराठीला नवं नाही. पर्ण आणि पान, गृह आणि घर, कर्म आणि काम आपण बिनतक्रार एकत्र नांदवतो. मोळा हा मागाहून आलेला पाहुणा, सुतार-लोहारांच्या हत्याराबरोबरचा. म्हणूनच तो कोल्हापूर-बेळगाव-सोलापूरच्या पलीकडे फारसा गेला नाही आणि त्याचा ळही ताजा राहिला. मोड मात्र जुना, इतका जुना की सगळ्या महाराष्ट्रात मुरला, आणि मुरताना शेजारच्या मोडणेच्या सावलीत त्याचा ळ वाकून ड झाला. लोक अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाचा सदरा घालतात, त्यातलाच प्रकार. म्हणजे पहिला दावेदार बाप नव्हता, पण दत्तक घेणारा ठरला. हा तर्क आहे, पण मला तो रात्री शांत झोपू देतो.

कोकणची गोष्ट वेगळी, आणि तिच्यामुळेच माझी खात्री वाढली. रायगड-ठाण्याकडे वालाचं बिरडं करतात. वाल भिजवायचे, मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. सोललेला बिरड्याचा दाणा बोटांत धरला तर चिमुकल्या मोडाचं नाक असलेला, हस्तिदंती, बुळबुळीत. पाव किलो वाल सोलायला दोघी बायका आणि लांबलचक गप्पा लागतात. हे बिरडं म्हणजे विरूढ. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विरूढधाना, म्हणजे अंकुरलेल्या धान्याचा पदार्थ, येतो, तोच शब्द दोन हजार वर्षं उतरत उतरत अलिबाग-पेणच्या पाटावर बसला. म्हणजे घाटाखाली संस्कृताची लेक, घाटावर कन्नडची सून, आणि दोघींच्या हातात तेच ओलं फडकं.

यातही एक खडा दाताखाली येतोच. मराठी व सहसा ब करत नाही. विंशतीचे वीसच राहिले, बीस झाले नाहीत. वर्षाचं बरस करणारी हिंदी, आणि व चा ब करण्याची खोड कन्नडलाही. मग विरूढचं विरडं न होता बिरडं कसं झालं? कोकणच्या बंदरांतून गुजराती, कन्नड, कोण कोण येत-जात होतं. कुणाच्या तरी जिभेवरून तो ब उतरला असणार. आमच्या मुदाळ तिट्ट्यावरून जाणारा निपाणी-देवगड रस्ता राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट करत थेट समुद्राला लागतो, तेव्हा मोळके आणि बिरडं याच रस्त्यावर एकमेकांना भेटले असं लिहायचा मोह मला फार झाला होता. पण देवगडला बिरडं शोधायला गेलात तर फसाल. त्याचं राज्य उत्तर कोकणात. मोह आवरला.

चरकाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, त्यानं विरूढधानांची गणना पचायला जड पदार्थांत केली आहे, आणि सुश्रुतानंही विरूढ धान्याची स्तुती केलेली नाही. आजचा आहारतज्ज्ञ नेमकं उलटं सांगतो. दोघांत कोण चुकतंय, हे बघायला फडक्याच्या आत जावं लागेल.

सुकं कडधान्य म्हणजे कुलूपबंद कोठार. पाणी शिरलं की आतला अंकुर जागा होतो आणि एन्झाइमांची फौज सोडतो. एक पिष्टाची साखर करतो, एक प्रथिनांचे तुकडे करतो. तिसऱ्याचं नाव फायटेज. बियांत फॉस्फरस फायटिक आम्लाच्या रूपात साठवलेला असतो आणि हे आम्ल लोह, जस्त, कॅल्शियम यांना मिठी मारून बसतं. आपल्या आतड्याला ती मिठी सोडवता येत नाही. फायटेज ती सोडवतो. मटकीत पोटात वायू करणाऱ्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा असतात. मोडाला वाढायला पहिल्या दिवसाचं इंधन म्हणून त्याच सापडतात, तो त्या खाऊन टाकतो. ट्रिप्सिनला, म्हणजे प्रथिन पचवणाऱ्या रसाला, अडवणारी द्रव्यं थोडी घटतात, उरलेली शिजवताना मरतात. कडव्या वालातला कडवटपणा आणि टरफलातलं टॅनिन भिजवणीच्या पाण्याबरोबर आणि सोलण्याबरोबर जातं. बिरडं सोलणाऱ्या बायकांची मेहनत फुकट नव्हती.

पण एक गैरसमज कानाला टोचतो. मोड आले की प्रथिनं वाढतात, असं सगळे सांगतात. प्रथिनं येणार कुठून? पाण्यातून? बी श्वास घेतं, त्यात पिष्ट जळतं, म्हणून कोरड्या वजनात प्रथिनांचा टक्का थोडा वर चढतो. वाढलेली दिसते ती टक्केवारी. उलट, ओल्या मोडाच्या वाटीभर मटकीत पाणीच इतकं असतं, की सुक्या मटकीच्या वाटीपेक्षा तिच्यात प्रथिनं कमीच. भिजवणीचं पाणी ओतून देताना थोडी ब जीवनसत्त्वं आणि क्षारही मोरीत जातात.

खरोखर नव्यानं तयार होतं ते क जीवनसत्त्व. सुक्या कडधान्यात ते जवळपास नसतं. मोड आलेल्या कच्च्या मुगात 100 ग्रॅममागे 13 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. लिंबू-आवळ्यापुढं हे काहीच नाही. पण स्कर्व्ही टाळायला माणसाला दिवसाला 10 मिलिग्रॅम पुरतं. एक मूठ-दीड मूठ मोड. पावसाळ्याआधीच्या भाजीपाला नसलेल्या दिवसांत, पठारावरच्या कोरडवाहू गावात, कणगीतल्या धान्यातून ताजा पाला उगवायची ही युक्ती होती, आणि तिला ना विहीर लागत होती ना वाफा.

ही गोष्ट साहेबाच्या प्रयोगशाळेत कळायला पहिलं महायुद्ध लागलं. 1912 साली नॉर्वेत फ्युर्स्टनं गिनीपिगांना अंकुरलेली धान्यं खाऊ घालून स्कर्व्ही टाळली होती. नंतर लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम यांनी फौजेच्या शिध्याचा अभ्यास हाती घेतला. 1917 साली त्यांनी लिहिलं, की मटार, मसूर यांना मोड आणून शिपायांना द्या. त्यांच्यासमोर ताजं उदाहरण मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्याचं होतं. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916, ब्रिटिश जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन तैग्रिसच्या वळणात कोंडली गेली. या डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी होत्या. आमच्या बाजूची कितीतरी घरं त्या काळी पलटणीत पोरं पाठवत. वेढ्यात गोऱ्या शिपायांना बेरीबेरी झाली, कारण ते पांढऱ्या पिठाच्या पावावर होते. हिंदी शिपाई आटा आणि डाळ खाऊन तिच्यातून वाचले, पण त्यांना स्कर्व्हीनं गाठलं. हिरडी सुजली, जखमा भरेनात.

हे वाचताना मी स्वतःशीच ओरडलो होतो : अरे, मोड आणायचे होते की! घरी आई, आजी, बायको रोज हेच करत होत्या. मग चूक लक्षात आली. शिध्यात डाळ होती. डाळ म्हणजे भरडलेलं, सोललेलं, दोन फाकांत फुटलेलं कडधान्य. तिचा अंकुर जात्यातच मेलेला. डाळीला जगातलं कुठलंही पाणी मोड आणू शकत नाही. अख्खी मटकी, अख्खा हुलगा पोत्यात असता, तर कुतच्या खंदकात फडकी लटकली असती. भरडण्यानं कडधान्य लवकर शिजतं, पचायला हलकं होतं, टरफलातलं टॅनिन जातं, हे सगळं खरं. त्याची किंमत काय मोजावी लागते, ते तैग्रिसकाठी कळलं. पुढं 1940 च्या सुमारास पंजाबातल्या हिस्सार जिल्ह्याच्या दुष्काळात स्कर्व्ही पसरली, तेव्हा मोड आलेले हरभरे वाटले गेले आणि त्यांचा गुण आला.

नाचणीचा हिशेब निराळा. बिद्रीच्या पश्चिमेला भुदरगड-राधानगरीच्या डोंगरउतारावर नाचणी पिकते. तिच्यात 100 ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, पण त्यातलं बरंच फायटिक आम्लाच्या तावडीत. तिला मोड आणून, उन्हात वाळवून, मोड चोळून काढून दळलं की बाळाचं सत्त्व तयार. यात पिष्ट फोडणारं एन्झाइम इतकं जोरात असतं, की पीठ जास्त घातलं तरी लापशी फार घट्ट होत नाही. बाळाचं पोट वाटीएवढं. घट्ट लापशी पातळ करायला पाणी घातलं की पोट पाण्यानंच भरतं. सत्त्वाच्या पातळ लापशीत दुपटीनं पीठ मावतं. चमच्यावरून ओघळणाऱ्या त्या लापशीला “पातळच केलीस की गं” म्हणून नाकं मुरडणाऱ्या सासवा मी पाहिल्या आहेत.

आणि मिसळ? कोल्हापुरात मोडाच्या मटकीवर तिखट कट ओतल्याशिवाय सकाळ होत नाही. तासन्‌तास खदखदणाऱ्या कटाखाली क जीवनसत्त्वाचा फारसा मागमूस उरत नसणार. तरी उकळण्याची बाजू मी घेतो. ओलं, उबदार, बांधलेलं फडकं जिवाणूंनाही तितकंच आवडतं. 2011 साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून ई. कोलाय पसरला आणि 50 हून अधिक माणसं दगावली. चरक-सुश्रुतांच्या नाराजीमागं असे काही आंबलेले, बुळबुळीत मोड असतील, असा माझा कयास आहे. उसळ शिजवून खाण्याची आपली चाल त्यापेक्षा शहाणी. आणि वाढताना जी लिंबाची फोड पिळतात, तिनं गेलेलं क जीवनसत्त्व परत येतं. ते मटकीतलं, फायटेजनं मोकळं केलेलं लोह रक्तात शिरायला मदत करतं. लिंबाची फोड मिळत नाही त्या हॉटेलात मी मिसळ खात नाही.

दसऱ्याला आमच्याकडे घटातलं हिरवं-पिवळं धान उपटून टोपीत खोवतात. नऊ दिवस मातीत उगवलेले ते अंकुरच. पण त्यांना कुणी मोड म्हणत नाही. घट उगवला म्हणतात, धान म्हणतात. मातीतला तो अंकुर किंवा कोंब, आणि फडक्यातला तो मोड. ही वाटणी भाषेनं इतकी काटेकोर का पाळली असेल, याचा मी विचार करत होतो. माझ्या मते उत्तर त्या निपाणीच्या आजीच्या पाटीत आहे : मोड हा शेताचा शब्द कधी नव्हताच, तो खाण्याचा शब्द म्हणून आला, तयार उसळीबरोबर, पाटीतून. मास्तरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, कन्नडमध्ये शेतात उगवतं तेही मोळकेच. म्हणजे इथंही एक भोक निघालं.

परवा गाठोड्याच्या वजनानं आमचा मोळा भिंतीतून निसटला. गवंडी नवा ठोकायला आला, त्यानं खिशातून काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, “ह्यो इस्क्रू हाय, मोळा न्हवं. आता मोळं कोण वापरतंय?”